मी मॅन्युअलवर टाकलेले फोन

रेवा, गेल्या मे महिन्यात तू आणि निशांत कोल्हापूरला आला होतात. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शोभाचा फोन तू हातात घेतलास आणि म्हणालीस, "मावशी, तुमची बॅटरी लवकर संपते ना? थांबा, दोन सेटिंग बदलून देते." मी आतून आले आणि तो फोन तुझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. शोभा गोंधळली. तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस, आणि निघताना तुझ्या आईला म्हणालीस की आजीचा आपल्यावर विश्वास नाही.

प्रश्न तुझ्यावरच्या विश्वासाचा नव्हता. पण कशाचा होता हे तेव्हा मला सांगता आलं नाही. आता या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून मागे लागून माझ्याकडून होकार घेतला आहे, तर तेच लिहिते. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो. आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि मधे मधे तिने काही गाळलं तर गाळू देऊ नका.

मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. एका मोबाइल कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र कोल्हापुरात उघडलं. वरून येणारी परिपत्रकं सगळी इंग्रजीत आणि समोर येणारं गिऱ्हाईक गारगोटीपासून शिरोळपर्यंतचं. मधे कुणीतरी हवं होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, चाळिशीला आलेली, आणि टापटिपीचं वेड लहानपणापासूनचं. परिपत्रक आलं की मी त्याचं मराठी कार्ड करायचे. पोस्टकार्डाएवढं, एका ओळीत एकच सूचना, प्रत्येक कार्डाला क्रमांक. सिम हरवलं तर कार्ड दोन. नको ते मेसेज येत असतील तर कार्ड पाच. रोमिंग, कार्ड सात. पुण्याचे साहेब आले की ही कार्डं हातात घेऊन कौतुक करायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. लोकांना ती कार्डं खरंच समजायची. पुढे जे झालं तेही ती समजत होती म्हणूनच झालं.

रोमिंग तुम्हाला ठाऊक आहे ते परदेशातलं, विमान उतरलं की फोनवर येणाऱ्या मेसेजचं. आमच्याकडे ते देशातल्या देशातच होतं. मोबाइलसाठी भारताचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, कर्नाटक दुसरं. तुमचं सिम ज्या सर्कलमध्ये घेतलं ते त्याचं घर. दुसऱ्या सर्कलच्या टॉवरखाली गेलात की तो टॉवर तुम्हाला ओळखत नाही. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस जेवायला बसला की कुणीतरी विचारतं, "कुणाकडचं पावणं?" आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आमचंच हाय, वाढा." तसंच हे. परका टॉवर क्षणात तुमच्या घरच्या सर्कलला विचारतो, हा नंबर तुमचाच का, याच्या खात्यात बॅलन्स आहे का, याला बोलू द्यायचं का. घरून होकार आला की फोन लागतो. पोस्टपेडवाल्याचा हिशेब महिन्याच्या शेवटी होतो. प्रीपेडवाल्याची पावती मात्र त्याच क्षणी फाडली जाते. आणि त्या काळी पावणं म्हणून जेवल्याचे जादा पैसे पडायचे. केलेल्या फोनचे पडायचेच, आलेल्या फोनचेही पडायचे. बॅलन्स संपला की वाक्य अर्धं असताना फोन तुटायचा.

आता शिरोळ तालुका नकाशात बघा. कृष्णेकाठ, सगळा ऊस, आणि काही गावांच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर कर्नाटक. टॉवरच्या लहरींना सीमा माहीत नसते. फोन आपला जिकडून आवाज मोठा येईल तिकडे जातो.

एक शेतकरी आले, धोतर, टोपी, काउंटरवर फोन आपटून म्हणाले, "म्याडम, मी गोठ्यातनं उठलो न्हाय, आन तुमी मला कर्नाटकात गेलतो म्हणताय व्हय?"

मी म्हटलं, "तुम्ही नाही गेलात, तुमचा फोन गेला."

"फोन माझ्या खिशात हुता की. त्यो एकटा कसा जाईल?"

"गोठ्यात पलीकडच्या टॉवरची रेंज येते."

"मंग आता काय म्हस परड्यात बांधून धार काढू?"

सगळं केंद्र हसलं. मीही हसले. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. कारण वरून आलेल्या इंग्रजी उत्तरात लिहिलं होतं की अशा ठिकाणी रेंजवर कंपनीचं नियंत्रण नाही, ग्राहकाने काळजी घ्यावी.

दुसऱ्या एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. तो उसाला पाणी पाजायला जातो म्हणायचा आणि त्याच्या फोनवर 'कर्नाटकात आपले स्वागत आहे' असा मेसेज यायचा. "कुणाचं स्वागत चाललंय तिकडं, इचारा ह्यास्नी," बाई म्हणाल्या. त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं. मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं की सदर मेसेज येण्यासाठी माणसाला नदी ओलांडावी लागत नाही. खाली सही आणि शिक्का. नवरा मला वाकून नमस्कार करून गेला. बाईंची खात्री झालेली दिसली नाही.

अशा तक्रारींवर मी कार्ड सात काढलं. फोनच्या आत एक सेटिंग असतं, नेटवर्क निवडण्याचं. ते मुळात ऑटोमॅटिक असतं, म्हणजे जो टॉवर बरा सापडेल तो फोन स्वतः पकडतो. ते मॅन्युअल करता येतं. मग आजूबाजूच्या नेटवर्कची यादी येते. यादीत आमच्याच कंपनीचं नाव दोनदा यायचं, एकापुढे महाराष्ट्र, दुसऱ्यापुढे कर्नाटक. महाराष्ट्र निवडलं की फोन तिथे बांधला जातो. रेंज कमी असेल, आवाज चिरकेल, पण तो नदीपलीकडे जाणार नाही. कार्डावर सात ओळी होत्या. सहावी होती, 'रेंज नसेल तर उघड्यावर जाऊन थांबा.' सातवी लाल अक्षरात, 'सेटिंग बदलू नका.' ही लाल ओळ मी घातली, कारण घरातली पोरं खेळता खेळता सेटिंग बदलायची आणि माणसं पुन्हा भांडायला यायची.

नुसती कार्डं वाटून भागत नव्हतं. बाजाराच्या दिवशी कंपनीची गाडी घेऊन मी गावोगाव जायचे. एका गावात, नाव मुद्दामच लिहीत नाही, रशीदभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यांच्या दारात टेबल मांडून बसायचे. लोक रांगेत फोन द्यायचे, मी मॅन्युअलवर टाकायचे आणि वहीत नाव, गाव, नंबर लिहून घ्यायचे. का लिहायचे, तर लिहिल्याशिवाय काम पुरं झालं असं मला वाटत नाही म्हणून.

तिथेच चंपाक्का भेटल्या. जैन शेतकऱ्याचं घर, नवरा बाबगोंडा आण्णा साखरेच्या आजाराने थकलेले, एकुलती लेक सुनंदा गारगोटीला दिलेली. सुनंदाचा रोज फोन यायचा आणि तो आला की चंपाक्कांचा बॅलन्स खलास व्हायचा, कारण त्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, कर्नाटकचाच टॉवर लागायचा. शेवटी मायलेकींनी ठरवलं होतं की नुसती रिंग द्यायची, उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे बरं आहे. मी फोन मॅन्युअलवर टाकला, तिथूनच सुनंदाला लावून दिला आणि म्हटलं, "बोला आता, पोटभर."

त्या बोलल्या. मग पदराने फोन पुसून मला म्हणाल्या, "बाई, लई दिसांनी लेकीचा आवाज पुरता ऐकला." कार्ड सात त्यांनी हातात घेऊन सावकाश, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. नुसतं घडी करून कमरेला लावणारे पुष्कळ बघितले होते. यांनी विचारलं, "ह्ये लाल हाय त्ये म्हत्त्वाचं न्हवं?"

मी म्हटलं, "सगळ्यात महत्त्वाचं तेच."

पुढे काही वर्षांनी कंपन्यांमध्ये चुरस लागली आणि देशातलं रोमिंग मोफत झालं. आता तर प्रीपेड पॅक मारला की तो कन्याकुमारीलाही तोच असतो. जम्मू-काश्मीरमध्ये इकडचं प्रीपेड चालत नाही, एवढा एक अपवाद सोडला तर पावण्याचं जेवण फुकट झालं. परिपत्रक आलं, मी त्याचं मराठी केलं, मोठा फलक लावला. तो लावताना माझ्या हातात खिळा तसाच राहिला. मॅन्युअलवर टाकलेल्या फोनांचं काय? ज्या खर्चापासून ते वाचवायचे तो खर्चच संपला होता. आता ते नुसते बांधलेले होते.

मी आमच्या साहेबांना सांगितलं. तिशीतला हुशार माणूस, पुण्याहून आलेला. मी म्हटलं, "सर, ते सगळे फोन परत ऑटोमॅटिकवर टाकायला हवेत. माझ्याकडे यादी आहे. गाडी द्या, महिनाभरात फिरून येते."

त्यांनी लॅपटॉपमधून मान वर केली. "एखादी तरी तक्रार आलीये का, मॅडम?"

"तक्रार येणार नाही. घरचा टॉवर चालू आहे तोवर कुणाला कळणारच नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

त्यांना कळलं नाही असं मी पुढे अनेकांना सांगितलं. पण रेवा, मला तर कळलं होतं ना? एस.टी. होती, रविवार होते, वही माझ्या कपाटात होती. गणपती आले, मग दिवाळीच्या ऑफर आल्या, नव्या सिमांचं टार्गेट आलं. निदान रशीदभाईंना एक फोन करून सांगता आलं असतं. तोही केला नाही. लोकांचं चांगलं केलं ही गोष्ट मी माझ्यापुरती पुरी करून वही बंद केली होती. ती पुन्हा उघडायचा मला कंटाळा आला. याहून सभ्य शब्द मला सापडलेला नाही.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात शिरोळला पाणी आलं. तिकडे पाणी येणं नवं नाही. लोकांच्या भिंतीवर खुणा असतात, इथवर आलं तर जनावरं हलवायची, इथवर आलं तर माणसं. त्या वर्षी पाणी खुणांच्या वर गेलं. रशीदभाईंचं घर आणि शेजारपाजार पाणी चढू लागलं त्याच दिवशी शाळेच्या छावणीत हलला. आण्णा हलायला तयार नव्हते. "माडीवर पाणी येत न्हाय," म्हणाले. आणि माडीवर पाणी आलं नाही, ते खरंच आहे. पण वीज गेलेली, आमचा टॉवर बॅटरीवर चाललेला, आणि डिझेलची गाडी पोचायला रस्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवर बंद पडला. पलीकडचा, कर्नाटकातला, माळावर उंच होता. तो चालू राहिला. छावणीतल्या ज्यांचे फोन ऑटोमॅटिकवर होते ते त्या टॉवरवरून गावोगाव बोलत होते, होड्या मागवत होते.

दुपारी आण्णांच्या छातीत कळ आली. चंपाक्का फोन घेऊन गच्चीवर गेल्या.

हे सगळं मला पाणी उतरल्यावर कळलं. कंपनीने पूरग्रस्त गावांत फोन चार्ज करून द्यायची शिबिरं लावली आणि जाहिरातीसाठी फोटो काढले. त्या शिबिराला मी रशीदभाईंच्या दारात बसले. दुकानातल्या फळ्यांवरची माती अजून ओली होती. आमचा टॉवर अजून दुरुस्त व्हायचा होता. चंपाक्का आल्या, पांढऱ्या कपाळाने. साधा बटणांचा फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो मेलाय का बघा की. तवापासनं लागंना झालाय."

मी बॅटरी बघितली. होती. पडद्यावर दोन इंग्रजी शब्द होते. त्यांचा अर्थ, फक्त आपत्कालीन कॉल. म्हणजे नेटवर्क नसलं तरी या फोनवरून मदतीचा सरकारी नंबर कुठल्याही टॉवरवरून लागू शकतो.

"हे असं कधीपासून दिसतंय?"

"त्याच दिशीपासनं. मला वाटलं ब्याटरी संपल्याचं इंग्लिश असंल. गच्चीत उभा ऱ्हायलो, तुमी लिवलंय तसं. उघड्यावर. हात वर करून. लई येळ उभा ऱ्हायलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, उभा राहिलो, गेलो, आलो. "सांज झाली तवर आण्णा ग्येलं. होडी सकाळी आली."

मी सेटिंग उघडलं. मॅन्युअल. माझंच. ऑटोमॅटिक केलं. फोनने अर्धा मिनिट शोधलं आणि पलीकडचा टॉवर पकडला. मग मेसेज यायला लागले. एकामागून एक. सुनंदाने केलेले आणि न लागलेले फोन, प्रत्येकाची वेळ. तो छोटा फोन टेबलावर थरथरत सरकत होता. रशीदभाई हातातलं काम टाकून बघत राहिले. मला वाटलं मेसेज थांबणारच नाहीत.

चंपाक्का म्हणाल्या, "आता कशी आली ओ रेंज?"

"आली."

"टॉवर सुरू झाला व्हय?"

मी चार्जरची वायर गुंडाळायला घेतली.

"बाई, म्हंजी तवाबी आली असती?"

टेबलाच्या पलीकडे कंपनीचा फोटोवाला उभा होता. रशीदभाई होते. माझ्या अंगावर कंपनीचा शिक्का असलेलं जॅकेट होतं. मी म्हटलं, "टॉवर बंद होता, अक्का. तेव्हा काहीच करता आलं नसतं."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाला दुसरं ठेवलं.

त्यांनी मान हलवली, फोन कनवटीला लावला आणि गेल्या. रशीदभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम, च्या सांगू?" मी नको म्हटलं.

आण्णा वाचले असते का, हे कुठलाही डॉक्टर आज सांगणार नाही. मी दोघांना विचारलं. दोघांनीही खांदे उडवले. छावणी जवळ होती, होड्या दुपारी फिरत होत्या, एवढं मला ठाऊक आहे. त्यानंतर मी रजा काढली आणि वही घेऊन गावं फिरले. एकेक फोन ऑटोमॅटिकवर टाकला, एकेका नावापुढे टिक केली. लोक म्हणायचे, बघा, म्याडम पुराच्या चिखलातनं आल्या. काहींनी चहा दिला, एका घराने निघताना ओटी भरली. मी ती घेतली. कार्ड सात मी गोळा करत गेले. पुष्कळांकडे हरवलं होतं. चंपाक्कांच्या नावापुढे आधीच टिक होती, म्हणून त्या घरी गेले नाही. वही बघितली तर कारण बरोबर दिसतं.

मग निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझ्या कार्डांचा उल्लेख केला.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं की छापून येण्याआधी तिकडे जाऊन यायचं. चंपाक्का वाचतात. ओठ हलवत, पण पुरतं वाचतात. छापील कागदावरून त्यांना हे कळणं बरं दिसलं नसतं. गेल्या महिन्यात एस.टी.ने गेले. त्या आता थकल्या आहेत. सुनंदा येऊन-जाऊन असते. त्या दिवशी ती नव्हती. सोप्यात मला चटई टाकली, पाणी दिलं. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. शिकवल्यासारखं क्रमाने सांगितलं. सेटिंग मी बदललं, का बदललं, नंतर ते परत बदलायला हवं होतं हे मला माहीत होतं, मी आले नाही, आणि शिबिरात तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. त्या दिवशी रेंज आली असती.

चंपाक्का शेंगा फोडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "रशीदनं त्याच दिशी सांगिटलं. तुमची गाडी ग्येली आन त्यो घरी आला. रडत हुता. त्येलाबी ते सेटिंग माघारी फिरवायचं म्हाईत न्हवतं म्हणून."

मी म्हटलं, "मग तुम्ही कधी काही..."

"काय बोलू? तुमी कवा येताय ते बघत हुतो." एक शेंग फुटेना, ती त्यांनी दाताने फोडली. "सुनंदा म्हणायची, तक्रार करूया. म्हटलं, नगं. बाई लिवून ठिवत्यात समदं. येतील. लई वरसं लावलासा."

मी म्हटलं, "अक्का, मला माफ करा."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आत देवघरात गेल्या आणि कार्ड सात घेऊन आल्या. त्याला त्यांनी प्लास्टिक चढवून घेतलं होतं. चारी कडा शाबूत, पाण्याचा एक डाग नाही. पुरात घरातलं काय काय गेलं असेल, हे माडीवर देवांबरोबर राहिलं होतं.

"ह्ये तुमचं," त्या म्हणाल्या. "घिऊन जावा. माझ्याच्यानं टाकवना."

मी घेतलं. त्यांनी पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने मीच उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून विचारलं, "तुमची नातवंडं भाईरगावी असत्यात न्हवं? फोन लागतोय का त्यांस्नी?"

"लागतो," मी म्हटलं.

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या.

रेवा, शोभाच्या फोनमध्ये त्या दिवशी तू काय बदलणार होतीस ते मला कळव. काही चुकीचं नसेलही. पुढच्या वेळी आलीस की तिला सगळं सांगून कर, आणि जाण्याआधी तो फोन पुन्हा एकदा मागून घेऊन बघ. मी हिसकावून घेणार नाही. कार्ड इथे टेबलावर माझ्यासमोर आहे. लाल ओळ अजून नव्यासारखी दिसते.